अकरा अपंग आया

"मॅडम, आईचा व्हीलचेअरवर बसलेला फोटो चालेल ना?" संदीपने विचारलं.

भोसरीत तिसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. लिफ्ट नाही. वीसेक वर्षं मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरते. संदीप चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर, माझा जुना क्लायंट. मागच्या वर्षी मला सोडून गेला, कारण मी त्याला रिफंड मिळवून देत नव्हते. रिफंड म्हणजे पगारातून जादा कापलेला कर परत मिळणं. त्याचा जादा कापलाच नव्हता, तर मी कुठून आणणार?

मग कंपनीच्या कँटीनमध्ये एक 'सर' अवतरले. फी नाही, फक्त रिफंडमध्ये वीस टक्के हिस्सा. एवढा परोपकार बघून अख्ख्या असेंब्ली लाइनने जेवणाच्या सुट्टीत एका वहीत आपापले इन्कम टॅक्स साइटचे पासवर्ड लिहून दिले. रिफंड आला. संदीपने मोटरसायकल घेतली.

आता इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज आला होता. सवलतीचा पुरावा द्या, नाहीतर रिटर्न दुरुस्त करा.

मी रिटर्न उघडलं. संदीपची आई ऐंशी टक्के अपंग! अपंग माणसाला सांभाळणाऱ्याला करात सूट मिळते, ती घेतली होती.

"आईला काय झालंय रे?"

"काही नाही. सर म्हणाले, तो कॉलम भरायचाच असतो. सगळ्यांचं सेम केलंय."

लाइनवर अकरा जण. अकरा आया एकाच वर्षी अपंग. चाकणला साथ आली असणार.

सरांनी पुराव्याचीही सोय केली होती. दाखला तेच आणणार, फोटोपुरती व्हीलचेअरही तेच देणार.

"माहिती चुकीची असेल तर सुधारता येते," मी म्हणाले. "कर आणि व्याज भर, मोकळा हो. खोटा दाखला जोडलास तर पोलीस केस. नोकरीही जाईल."

"पण सरांनी आजच बोलावलंय, मॅडम. आईला घेऊन आलोय. खाली थांबलीय."

तेवढ्यात ती दार ढकलून आत आली. तीन जिने चढून आली तरी धाप नाही.

"संद्या, आजून किती येळ? म्हशीची धार काढायची हाय."

मी रिटर्न वाचून दाखवलं. तिने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग पोराकडे.

"मला लंगडी करून गाडी घेतलीस व्हय रं?"

संदीपची मान वर होईना. इतका वेळ मला मजा वाटत होती, आता वाईट वाटलं.

"मावशी, फोटोला जायचंय का?"

"न्हाई. आन् त्या गाडीवर बी बसायची न्हाई. मी बसनं जाते."

ती जिना उतरून गेलीसुद्धा.

त्याच आठवड्यात संदीपने गाडी विकली. रिटर्न दुरुस्त करायला बसलो तर साइटवर त्याच्या नावापुढे मोबाइल नंबर सरांचा. म्हणजे ओटीपी त्यांच्याकडे. आधी तो बदलला, मग कर आणि व्याज भरलं. बाकीचे दहा जण एकेक करून माझ्याकडे आले. आयांना बरं करायची मी नेहमीचीच फी घेतली.

सरांचा फोन तेव्हापासून बंद आहे. वीस टक्के हिस्सा फक्त रिफंडमध्ये होता, नोटिशीत नव्हता.