आधी त्यांचं म्हणून वाचा

तपनचा फोन मुलचेऱ्याच्या एसटीडी बूथवरून आला. आमचा जुना विद्यार्थी. "बाई, हबीब सर गेले... आमच्या ओट्यावरच बसले होते. मिनतीले पेपर घ्यायचं समजावून राह्यले होते. पाणी मागितलं. आनाले गेलो, तं..." मिनती म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिने एम.ए.ला आपला पेपर निवडावा, एवढ्यासाठी हबीबभाऊ भर जूनच्या उकाड्यात चंद्रपूरहून एसटीने तिथवर गेले होते.

हबीबभाऊ आमच्या कॉलेजात तौलनिक साहित्य शिकवायचे, मी मराठी. कल्हईवाल्याच्या घरात वाढलेला माणूस. रद्दीच्या दुकानात त्यांना लॅटिन अमेरिकेतल्या कथांचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं आणि त्याने त्यांना असं धरलं, की चाळिशी उलटल्यावर ते कॅसेटी ऐकून स्पॅनिश शिकले. नव्वदच्या दशकात त्यांनी धडपडून ऐच्छिक पेपर सुरू केला : स्पॅनिश भाषेतलं साहित्य. आधी कथा, मग कविता, शेवटी निबंध. मुलांना इंग्रजी जड जातं म्हणून स्वतः मराठी करून त्याच्या झेरॉक्स वाटायचे. पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर पेपर बंद, अशी अट होती. त्यामुळे दर जूनमध्ये त्यांची गावोगाव फेरी ठरलेली.

"हबीबभाऊ, पोरायले नोकरी लागंन असं काही शिकवा ना," प्राचार्य दरवर्षी चिडवायचे. "इथून स्पेनले कोन जाऊन राह्यलं?"

"तिकडले लोक वाघ पाह्याले मोहर्लीच्या जंगलापर्यंत येऊन राह्यले ना, सर? आपून त्यायच्या गोष्टी पाह्याले गेलो तं काय बिघडते?"

त्यांच्या तासाला मी कधीकधी जाऊन बसे. एकदा एका तळ्याकाठच्या गावाची कथा चालू होती. कंपनी तळं घेते, गाव गप्प राहतं. पोंभुर्ण्याकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली सुनंदा उसळून म्हणाली, "सर, हे तं आमच्याच तलावाचं आहे!" मला वाटलं, भाऊ खूश होतील. ते मात्र म्हणाले, "इतक्या लवकर आपलं नको करू. आधी त्यायचं म्हणून वाच. त्यायच्या तळ्यात कोणता मासा आहे? जाळं कोन विणते? बाया पाण्यात उतरतात का?"

सुनंदा दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी उभी राहिली. "गोष्टीतली बाई पाण्याले भेते, सर. माही माय भेत नाई. ते गाव भेऊन गप्प बसलं. आमचं काऊन बसलं, ते मले अजून समजलं नाई."

"हे लिही," भाऊ म्हणाले. "हाच तुहा निबंध." तिने लिहिला, आणि त्यासाठी ती आपल्याच गावात घरोघर विचारत फिरली. परक्या पुस्तकात आपलं तोंड पाहून परतायचं, एवढंच वाचन आम्ही करत आलो होतो. भाऊंना ते अपुरं वाटे. दुसऱ्याचं दुसरेपण नीट पाहिलं, की ते आपल्या गावाबद्दलही नव्याने विचारायला लावतं, हे मी त्या वर्गात पाहिलं.

ते गेल्यावर प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "यंदा राहू द्या. शिकवणार कोन?" त्याच आठवड्यात सुनंदा आली. ती आता पोंभुर्ण्याच्या शाळेत शिकवते.

"बाई, तुमी घ्या."

"मला स्पॅनिश कुठे येतं गं?"

"सराले तरी आधी कुठी येत होतं?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं, मी शिकवणार. कॅसेटी भाऊंच्या घरून आणल्या. रोज सकाळी ऐकते, जीभ वळत नाही, पुन्हा ऐकते. मिनतीने प्रवेश घेतला आणि येताना मैत्रिणीलाही घेऊन आली. मुलं पुरेशी झाली.

पहिला तास गेल्या बुधवारी झाला. भाऊ टेबलाशी कधी उभे राहत नसत. वाचणाऱ्याला पुढे पाठवायचे आणि आपण खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे... मी तिथे जाऊन बसले. तिथून फळा धड दिसत नाही. डोक्यावर पंखा घरघरतो, आणि पुढच्या माणसाला आवाज काढावाच लागतो. मिनती कथेचं पान घेऊन उभी राहिली. खाली मान घालून, पुटपुटल्यासारखी वाचू लागली. एक परिच्छेद मी तसाच जाऊ दिला.

"ऐकू येत नाही, मिनती," मग मी मागून म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून."