अभय बेटावरची मोकळी जागा

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळायला आणतात, दाराला टांगायला नाही. बाबा तसे, मीही तशीच. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, चुका शोधायला. आज स्वतःच लिहायला बसलेय, कारण माझ्याच अनुभवातली चूक मला सापडत नाहीये...

मी यवतमाळला राहते. कॉलेजातला मित्र निखिल आणि मी मिळून व्हिडिओ गेम बनवतो. भाड्याची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि घरघर करणारा कूलर — हे आमचं ऑफिस. मागच्या वर्षी 'अभय बेट' नावाचा गेम हाती घेतला. समुद्रातल्या बेटावरचं अभयारण्य. खेळणाऱ्याने जखमी चितळं, रोही म्हणजे नीलगाई, मोर तिथे आणायचे, बरे करायचे आणि मोकळे सोडायचे. बंदुका नाहीत, मारामारी नाही. पुण्यातल्या एका कंपनीला कल्पना आवडली होती. त्यांना चालता गेम दाखवला की करार पक्का होणार होता.

बेटाची जमीन कुठून आणायची हा प्रश्न होता. निखिल म्हणाला, "तुह्या बाबांचं वावर घेऊ न. चढउतार मस्त हायेत तिथं."

मुकुटबनच्या अलीकडे आमचं शेत आहे. कापूस, मधे तुरीच्या ओळी, एका बाजूला छोटी टेकडी. निखिलने तिथे ड्रोन उडवून वरून फोटो काढले आणि त्यावरून कॉम्प्युटरने जमिनीचा हुबेहूब आकार तयार केला. मी त्यातली कापसाची झाडं काढली, गवत लावलं आणि चहूकडे समुद्र सोडला. मग जनावरं सोडली.

गेममधल्या जनावरांना अक्कल नसते. फिर, चर, दमलास की बस — एवढंच आम्ही त्यांना शिकवलेलं असतं. ती दिवसभर बेटावर कशीही भटकायची. फक्त टेकडीच्या पायथ्याशी एका घराएवढ्या जागेत कोणी पाऊल टाकत नव्हतं.

आधी माझं लक्षच गेलं नाही. मग एकदा चितळांचा कळप पाण्याकडे धावताना मधेच दुभंगला, त्या तुकड्याला वळसा घालून पुढे पुन्हा एक झाला. मी पुन्हा पाहिलं. रोहीही वळून जात होते. मोरसुद्धा.

जनावरांना चालता येईल ती जमीन आम्हाला निळ्या रंगात बघता येते. तो तुकडा निळाच होता. तिथे दगड नाही, खड्डा नाही, अदृश्य भिंत नाही. मी स्वतः खेळाडू म्हणून तिथे गेले, उड्या मारल्या. काही अडलं नाही. मग चारा टाकून पाहिला. सगळी चितळं आली... आणि काठाशी गोल करून उभी राहिली. माना लांबवून आत बघत. एकानेही तोंड घातलं नाही.

मला पहिला संशय निखिलचा आला. का येऊ नये? जनावरांच्या हालचालींचा प्रोग्राम त्याने लिहिलेला. त्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आल्याचं मी दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, त्याने सांगितलं नव्हतं. गेम बिघडला तर भागीदारी आपोआप मोडते, वाईटपणा घ्यावा लागत नाही. मी पासवर्ड बदलले. त्याचा सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढला. काही नव्हतं.

शेवटी विचारलंच.

"मी काहून करीन?" तो भडकला. "जमीन तुही, गवत तुहं. तूच काही करून ठेवलं असशील, आन् आता माह्यावर ढकलून राह्यली."

त्याने माझ्यासमोर तीच जनावरं दुसऱ्या, सपाट जमिनीवर सोडली. व्यवस्थित फिरली. पुन्हा आमच्या बेटावर आणली — वळसा. मग आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

त्याच सुमारास बाबा डोळे तपासायला यवतमाळला आले. दुपारी ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, "हे तं आपलं वावर हाय! माह्या वावराले समुद्र लावला काय वं तू?"

आम्ही हसलो. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"थे हरणं तिथं काहून उभे हायेत?"

"माहीत नाही बाबा. तेवढ्या जागेत जातच नाहीत."

"तिथं तं शेततळं खोदून राह्यलो आपण. खुणेले चुना टाकला काल. परवा जेसीबी येते."

निखिल माझ्याकडे बघत होता, मी निखिलकडे. तळ्याची ही जागा त्याला आधीच माहीत होती का, हेच माझ्या मनात. त्याच्या मनात बहुतेक माझ्याबद्दल तेच.

"बाबा, तळं जरा बाजूला सरकवता येईल का?"

"कायले?"

कारण सांगितलं तर ते पोट धरून हसले. "हे तुहे कॉम्प्युटरचे हरणं सांगतीन, आन् मी तळं सरकवू? लोक काय म्हणतीन मले?"

ते गेले. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण जेसीबी येणार त्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. निखिल न विचारता मागे बसला. मला मदत करायला की माझ्यावर लक्ष ठेवायला, कोण जाणे.

पोचलो तेव्हा मशीन चुन्याच्या खुणेकडे निघालं होतं. मी आडवी जाऊन उभी राहिले. ऑपरेटर वैतागला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारचे शेतकरी बघत होते. बाबांचा चेहरा उतरला.

"बाबा, मशीन आत नका घालू. बाहेर ठेवून नुसतं बकेट मारायला सांगा. एकदाच. मग मी गुमान जाते."

बाबांनी एकदा धुऱ्यावरच्या लोकांकडे पाहिलं. मग ऑपरेटरला म्हणाले, "मार बाबू एकडाव. पोरगी यवतमाळहून आली, तिचं समाधान होऊन जाऊ दे."

त्याने काठावर मशीन थांबवून हात लांब केला आणि बकेट आपटलं. जमीन फुटली नाही, ती खाली गेली. खुणेच्या आतली सगळी माती चुन्यासकट घसरली आणि समोर काळं भोक राहिलं. आतून गार, ओली हवा अंगावर आली. ऑपरेटरने मशीन एवढ्या घाईने मागे घेतलं की धुराच चेपला. मग तो खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

बाबांनी लांबूनच भोकात वाकून पाहिलं. नंतर म्हणाले, "इतके वर्सं माही बैलजोडी इथूनच गेली मिनू. थे नाही थांबले कधी."

नंतर एक जाणकार येऊन पाहून गेले. भाग चुनखडीचा आहे, पाणी मुरून खाली पोकळी होते, म्हणाले. म्हणजे खड्ड्याचं कारण आहे. पण ड्रोनने फक्त वरून फोटो काढले होते. जमिनीखाली काय आहे हे फोटोत येत नाही. आणि आलं असतं तरी आमच्या जनावरांना ते वाचता कुठे येत होतं?

परतताना चहाला थांबलो तेव्हा निखिल म्हणाला, "खरं सांग. तुले माहीत होतं न?"

मी म्हटलं, "मी हेच तुला विचारणार होते."

बाबांनी दगड-मुरूम टाकून भोक बुजवलं. तळं दुसरीकडे झालं. आम्ही गेमसाठी नवी जमीन बनवली, पुण्याच्या कंपनीने तो घेतला, निखिल पुण्याला गेला नाही. सगळं ठीक झालं म्हणायचं.

पण एक राहिलंय. भांडणाच्या दिवसांत मी जुन्या बेटाची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन घरी कपाटात ठेवली होती, निखिलच्या हाती लागू नये म्हणून. भोक बुजवल्यावर एका दुपारी सहज ती उघडली. त्या फाइलला मधल्या काळात कोणी हात लावलेला नव्हता, मी तारीख तपासली.

कॉपी घेतली तेव्हा वळसा घालणारी चितळं आता सरळ त्या जागेवरून चालत होती. एक पाडस तर मधोमध बसलं होतं, पाय दुमडून.

कॉम्प्युटरवाले वाचक सांगतील की हे अमुकमुळे होतं, तमुकमुळे होतं. मीही सांगितलं असतं. सगळं तपासून झालंय, मला उत्तर मिळालेलं नाही. निखिलला ते दाखवलं तर तो म्हणाला, "तू काय बदललं यात?"

आम्ही अजून एकाच खोलीत, एकाच टेबलावर काम करतो. चहाला सोबत जातो. पण उठताना दोघंही आपापला कॉम्प्युटर लॉक करतो.