मोहरी रंगाचा कोट

गुरुवार, जुलैची नऊ तारीख. हजर: मी, वृत्तनिवेदिका नस्रीन, तंत्रज्ञ सुरेश आणि हँगरवर माझा मोहरी रंगाचा कोट. एसीने गारठलेल्या आमच्या लहानशा स्टुडिओत डांबरगोळ्यांचा वास असा भरून राहिला होता, की वाटावं, इथे बातम्या नव्हे, कुणाच्या तरी लग्नाची तयारी चालली आहे!

नस्रीनच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिची आई अजून तिथंच आहे. तिथल्या सरकारला नको असलेल्या बातम्या आम्ही दुबईहून उपग्रहामार्फत तिथल्या घरांत पोचवतो. डिश लावणं तिथं गुन्हा. म्हणून तिची आई गच्चीवरच्या डिशवर चादर पसरते आणि शेजारी जर्दाळू वाळत घालते. "कोरडी चादर चालते हो ताई," चिपळूणच्या सुरेशने मला एकदा समजावलं होतं, "ओली मात्र सगळा सिग्नल पिऊन टाकते." तेव्हापासून कुठेही वाळत घातलेली चादर दिसली, की माझं मन उगाचच तिला हात लावून बघतं. किती साधी वस्तू, आणि तिच्याआड केवढं कुतूहल श्वास रोखून बसलेलं!

दर शुक्रवारी आईचा फोन येतो. फोन ऐकले जातात, त्यामुळे वाहिनीचा उल्लेखही करायचा नाही. मग आईने बातम्या पाहिल्या, हे लेकीला कळावं कसं? आई कपड्यांवरून रागावते. "निळ्या रंगात आजारी दिसतेस," एवढं ती म्हणाली, की नस्रीन आठवडाभर गुणगुणत फिरते. मायेची पोच टोमण्यातून मिळते. आपल्या घरांत तरी वेगळं काय असतं?

मग आमच्या प्रक्षेपणात मुद्दाम अडथळे आणले जाऊ लागले आणि फ्रीक्वेन्सी बदलावी लागली. बातम्यांची निर्माती मी, म्हणून कामांची यादी माझी: नवा आकडा तीन दिवस आधीपासून सावकाश वाचणे, पडद्यावर ठेवणे, पुन्हा वाचणे. पण तो आईने टिपला का, हे कळायला आमिष हवं होतं. "तुझ्याकडे काहीतरी भयंकर असेलच," नस्रीन मला म्हणाली. होतंच. जो पाहून माझी मुलगी "ममा, प्लीज, नॉट दॅट वन" म्हणते, तो कोट मी कपाटाच्या तळातून काढला. सुरेश हसू दाबत म्हणाला, "ताई, हा बघून आईच काय, शेजारीपण फोन करतील. यल्ला, चला, स्टँडबाय!"

त्या गुरुवारी नव्या फ्रीक्वेन्सीवर तिने तो घालून बातम्या वाचल्या. शुक्रवारी फोन आला. जेवतेस का, झोपतेस का, यंदा जर्दाळू लहान आहेत. कोटाविषयी अवाक्षर नाही.

"चादर ओली असेल," सुरेश म्हणाला. पण त्याला तिच्याकडे बघवेना. नस्रीनने कोट पुन्हा अंगावर चढवला आणि एकेक बटण लावलं. तेव्हापासून ती रोज तोच घालते.

घरी कपाटात कोटाची जागा रिकामी आहे, डांबरगोळ्यांचा वास मात्र तिथंच रेंगाळतो. यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. एकच उरली आहे: कोट परत आणणे. एका बाईने त्याला मनसोक्त नावं ठेवल्याशिवाय तो मला घरी नको आहे.