साहेबाच्या सहीचा दाखला

अर्जदार: स्त्री, वय एकेचाळीस, परदेशात शिलाईच्या दुकानाची मालकीण. गुन्ह्याची नोंद नाही. राग किती दिवस टिकतो, हा रकाना अर्जात नव्हता.

नवरा मायदेशाहून दहा दिवसांसाठी नुसता तिला भेटायला येत होता. पण तोही शिंपी. मागे कुणी आपल्या कातरीने कागद कापेल या धास्तीने ती त्याने बॅगेत घातली. सरहद्दीवरच्या साहेबाला ती सापडली. "फिरायला येताना कातरी?" म्हणत त्याने लिहिले, 'अनुभवी शिंपी, कामासाठीच आलेला,' आणि नवऱ्याला आल्या पावली परत धाडले.

"अगं, माझं नशीबच फुटकं," तो फोनवर रडकुंडीला आला.

"नशीब राहू दे, तो कागद जपून ठेव. त्या मेल्याच्याच सहीने तुला आत आणते की नाही बघ!"

तिने त्याच्यासाठी कामाचा व्हिसा मागितला. अनुभवाचा दाखला म्हणून साहेबाचाच कागद जोडला. सरकारी शिक्क्यावर सरकार कशाला शंका घेतंय? पाच महिन्यांनी व्हिसा आला. तिने साहेबाला आभाराचे पत्र पाठवले. प्रत त्याच्या वरिष्ठांना.

सदर कुशल परदेशी कामगार सोमवारी मालकिणीकडे रुजू झाला. तो जेवला आणि झोपला.