शिवणारीचे पाय

माझ्या बायकोला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पायमशीनवर कपडे शिवून तिने दोन लेकी शिकवल्या आणि माझ्यासारख्या अघळपघळ माणसाला वळण लावलं. संध्याकाळी आडवी झाली की मात्र पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं. पाय हलवल्याशिवाय चैन पडायची नाही. लोक म्हणत, मशीनची सवय. तीही हसून मान डोलवायची. हा आजार आहे, त्यावर गोळी आहे, हे उतारवयात कळलं. तरी चारचौघांत बोलायची तिला लाज.

मग डोळ्यात मोतीबिंदू झाला. सुईत दोरा ओवता येईना. ऑपरेशनआधी उपाशी राहायचं म्हणून हिने पायांची गोळीही आपल्या मनाने बंद केली. टेबलावर झोपवलं आणि पाय सुरू! डॉक्टरीणबाईंना थांबावं लागलं.

"आजी घाबरल्यात, नंतर बघू," त्या म्हणाल्या. हिने नुसती मान डोलवली.

माझा तिळपापड झाला. "खरं का नाही सांगितलंस?"

"डोळ्याच्या डॉक्टरांपुढे पायाचं रडगाणं कशाला?"

"मग ठेव मशीन झाकून!" मी बोलून गेलो. ती तरातरा माझ्यापुढे चालत घरी आली.

पुढच्या भेटीत मी तोंड उघडणार, तोच तिने मला हातानेच थांबवलं.

"डॉक्टर, मी घाबरट नाही. पडून राहिलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत. आणि मला अजून शिवायचंय."

माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं असतं, पण ते हिने लावलेलं.

"आम्हीही विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. रक्त तपासलं, लोह कमी निघालं, त्यानेही पाय वळवळतात म्हणे, ते भरून काढायचं औषध सुरू झालं. ऑपरेशनच्या सकाळी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, पहिला नंबर हिचा, आणि उलटीवरच्या ज्या इंजेक्शनाने पाय आणखी बिघडतात ते द्यायचं नाही, असं ठरलं. बोलावणं येईपर्यंत हिने फिरत राहायचं.

ही व्हरांड्यात अशी फिरली, जणू तपासणीलाच आलीय. एका नर्सला बाहीची शिवण उसवल्याचंही सांगून झालं. मग आत गेली.

शेवटी दार उघडलं. "आजी जराही हलल्या नाहीत," नर्स म्हणाली.

मागून एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आमची राणी आली. बाकावर बसलेल्या माझ्याकडे तिने दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"अहो, पाय हलवू नका. लोक म्हणतील, आजोबा घाबरले."

घाबरलोच होतो.