मारुतीच्या देवळातला रुसवा

चहाचा घोट आधी गिळून घ्या बरं! तोंडात काही ठेवून बसलं की काय घोटाळे होतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आणि या घोटाळ्यातला गाढव दुसरा कुणी नाही, मीच.

मी गणिताचा मास्तर. आमचं गाव पिंगळीच्या अलीकडं, शाळा तिथून दोन कोसांवर. वर्गात माझं एकच पालुपद. "गणित सोडवायच्या आधी नीट बघा! काय दिलंय? काय काढायचंय?" पोरं म्हणे झोपेतसुद्धा बरळायची. आणि हाच शहाणा सख्ख्या बहिणीच्या लग्नात...

ऐका तर. आमच्या शांताचं लग्न. नवरदेव सोनपेठचा, लाजरा गडी. त्याला मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवात आणायचं काम माझं, नवरीच्या थोरल्या भावाचं. पाहुणचारात कसर नको म्हणून मी खास परभणीहून दोन विडे बांधून आणले होते. एक गुलकंदाचा, नवरदेवाला. एक कडक तंबाखूचा, मला. वेशीत त्याच्या हातावर एक ठेवला, दुसरा माझ्या तोंडात टाकला. माझ्या विड्यात त्या दिवशी दमच नव्हता. पण लग्नाच्या गडबडीत पानवाल्याला शिव्या देत कोण बसतो?

नवरदेव मारुतीच्या पाया पडला आणि खाली बसला. मी म्हणालो, "चला दाजी, मांडवात."

हलेचना! ओठ गच्च मिटलेले, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"दाजी?"

"ऊं."

जावई रुसला! ऐन मुहूर्ताला रुसणं हा आमच्याकडं जावयाचा हक्क, आणि रुसवा काढणं हा मेव्हण्याचा धर्म. वरात इथूनच माघारी फिरली तर शांताचं कसं व्हायचं? मी पटकन मनगटावरचं घड्याळ काढलं. "हे घ्या. आता हसा!"

त्यानं जोरजोरात मान हलवली. नको.

"घड्याळावर भागत न्हाई वाटतं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात नवरदेव उठायला लागला. निघाला की हो हा! आम्ही चौघांनी दोन्ही खांदे दाबून त्याला खाली बसवला. "न्हाई दाजी, असं उठून जायचं न्हाई!"

त्याचा मामा माझ्यावरच तापला. "आमचा भाचा लय गरीब हाय. तुमीच कायतरी केलं असंल!"

"माझी सायकल दिली!" मी ओरडलो. नवी कोरी सायकल हो! बोलताना जीभ अडखळली, पण बहिणीपुढं सायकल काय?

पुन्हा नकार. आता तर डोळ्यांतून धार लागली. पुन्हा उठायला गेला, पुन्हा आम्ही दाबला. शेवटी मी मारुतीच्या पायावर हात ठेवला आणि गरजलो, "टेपरेकॉर्डर देतो! अख्ख्या सोनपेठात नसंल असला!"

त्यानं कळवळून दोन्ही हात जोडले. मी म्हणालो, मानले एकदाचे! तर लगेच मान आडवी.

इतक्यात मांडवातून आमची आत्या तणतणत आली. "आरं, मुहूर्त टळायलाय! पोरगी तिकडं रडायलीय. काय करायलाव इथं?"

"आत्या, जावई रुसलेत. बोलत न्हाईत."

"कशापायी रुसलेत?"

मी मामाकडं बघितलं. मामानं वाजंत्र्याकडं बघितलं. वाजंत्र्यानं सनईकडं.

"काय झालं म्हून कुनी इचारलं का त्याला?"

घड्याळ देऊन झालं, सायकल देऊन झाली, टेपरेकॉर्डरची शपथ झाली. पण एवढा साधा प्रश्न एकाही बाप्याला सुचला नव्हता!

आत्यानं नवरदेवाच्या फुगलेल्या गालाला बोट लावलं. "आगं बया! तोंडात इडा हाय की! देवळात थुंकायचं कुठं त्या लेकरानं? आन् तुमी धरून बसलाव!"

हाताला धरून तिनं त्याला देवळामागच्या कडुलिंबाखाली नेला. पुढचा तपशील सांगत नाही, चहा चाललाय तुमचा. तांब्याभर पाणी पिऊन तो पहिलं वाक्य बोलला, "मला काहीच नको होतं हो!"

"नको कसं?" मामा म्हणाला. "मारुतीसमोर शब्द दिलाय!"

मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या, शांता हसली. माझ्या जिवात जीव आला. सायकल गेली तर गेली, चूक नवरदेवाची, आपण मोठेपणानं निभावून नेलं, असं मनाशी म्हणत मी पंगतीत वाढत होतो. नवरदेवाच्या पानावर बुंदी वाढायला वाकलो, तर तो हळूच म्हणाला, "दादा, रागावू नका. पन मी तंबाकू खात न्हाई. असला कडक इडा कशाला दिलाव?"

बुंदीचा झारा हातातच राहिला. तरीच माझा विडा गोड लागत होता!

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, आत्याला तर नाहीच. सुट्टी संपली आणि दोन कोस पायी तुडवत, घामाघूम होऊन शाळेत पोचलो. फळ्यावर गणित लिहिलं आणि सवयीनं ओरडलो, "आधी नीट बघा! काय दिलंय?"

आणि पोरांकडं पाठ करून गुपचूप माझाच कान पिळला.