नळ निशाणीचे दाजी

दाजी मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी औरंगपुऱ्यातल्या दुकानाचं कुलूप काढलं, शटर वर केलं आणि पायरीवर बसले. शेजारच्या दुकानदाराने रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. अक्काचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लोकसभेला उभं राहून त्यांच्याइतक्या आनंदाने हरलेला माणूस या देशात दुसरा नसेल, असं मी कुणाशीही पैज लावून म्हणेन. तीनदा ते अपक्ष उभे राहिले आणि तिन्ही वेळा त्यांची अनामत जप्त झाली. निकालाच्या दिवशी ते मतमोजणी बघत नसत, दुकानात बसून जळालेल्या पाण्याच्या मोटरींमध्ये नवी तार भरत. तोच त्यांचा धंदा होता. एवढीच हौस असेल तर नगरसेवकाची निवडणूक का लढवत नाही, असं मी एकदा विचारलं. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "वार्डाला उभं राह्यलं की माणूस वार्डातच फिरतो, पाव्हणं. लोकसभेला उभं राह्यलं की कुणाच्याबी घरात जाता येतं. कामून आला म्हणून कुणी इचारत नाय." दुसऱ्याच्या घरात जाऊन बसणं हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता. ते मत मागत नसत. ओसरीवर बसत, पाणी पीत, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत, आणि उठताना आठवण झालीच तर पत्रक देत. गळका नळ दिसला तर खिशातून वायसर काढून बसवत, मग पत्रक द्यायचं राहूनच जाई. विरोधी उमेदवारांबद्दल कुणी वाईट बोललं तर त्यांना ते खपत नसे. "असं म्हणू नका, लई मेहनती माणूस हाय तो," असं ते इतक्या कळकळीने सांगत की समोरचा मतदार त्या मेहनती माणसालाच मत द्यायचं ठरवून टाकी.

सिल्लोडचा प्रचार ही तर त्यांची खास गोष्ट. सिल्लोड आमच्या लोकसभा मतदारसंघात येत नाही. हे त्यांना मी सांगितलं, अक्काने सांगितलं, निवडणूक कचेरीतल्या कारकुनानेही सांगितलं. पण दाजींचं गाव त्या बाजूला, त्यामुळे प्रचाराचा एक दिवस सिल्लोडच्या बाजारासाठी राखून ठेवलेला असे. "तिथल्यांना मला मत देताच येत नाय. म्हणून तर खरं बोलतात," हा त्यांचा युक्तिवाद. निशाणीच्या बाबतीत दाजींचं नशीब कायम आडवं येई. पहिल्यांदा कंगवा मिळाला, आणि दाजींच्या डोक्यावर तर एक केस नव्हता. दुसऱ्यांदा फणस मिळाला. सिल्लोडच्या एका चहावाल्याने ते पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "चचा, ये क्या है? सीताफल मोटा हो गया क्या?" दाजींनी त्याला फणसाची सविस्तर माहिती दिली. झाड केवढं असतं, फळ बुंध्याला कसं लागतं, आत गरे कसे असतात. बाजारातले लोक भोवती जमले. चहावाल्याने शेवटी विचारलं, "मीठा रहता क्या?" दाजी प्रामाणिकपणे म्हणाले, "मालूम नही. मैने भी अब तक खाया नही." त्या दिवशी त्यांना चहा फुकट मिळाला. मत मात्र मिळण्यासारखं नव्हतंच.

तिसऱ्या वेळेस त्यांना नळ मिळाला, आणि तिथून सगळं बिघडलं, किंवा सुधारलं. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी ते येतं त्या दिवसाला आमच्याकडे पाण्याचा दिवस म्हणतात. त्या दिवशी कुणी साखरपुडा ठरवत नाही, गावाला जात नाही, आजारी पडायचंही टाळतात. अशा शहरात दाजींनी घरोघर एक पत्रक वाटलं. त्यावर मोठा नळ, खाली दाजींचा फोटो, त्याखाली फोन नंबर. लोकांनी त्याचा एकच अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. दाजी आंघोळीला गेले की ते अक्का घेई, आणि एकदा मी तिथेच बसलेलो असताना तो फोन आला.

"नळवाले साहेब हायेत का?" पलीकडे एक बाई होती.

"हे उमेदवार हायेत, बाई. पाण्याचं ऑफिस नाय हे," अक्का म्हणाली.

"मंग नळ कामून छापला? आमची चेष्टा करू राह्यले का?"

अक्काने फोन कानापासून लांब धरला. दाजी अंगाला पंचा गुंडाळून बाहेर आले, तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "पत्ता सांगा, माय." झालं. बाकीचे उमेदवार सभा घेत होते तेव्हा आमचा उमेदवार हातात पाना घेऊन लोकांच्या तक्रारी सोडवत फिरू लागला. मी वाचनालयातली नोकरी संपवून नुकताच घरी बसलो होतो, म्हणून त्यांच्या मोपेडच्या मागे माझी नेमणूक झाली.

फोन करणाऱ्या बाईचं नाव सुमनबाई. मुकुंदवाडीत रुळाच्या कडेला जी शेवटची गल्ली आहे, तिथे ती आणि तिची सासू राहत. सुमनबाई सिडकोत दोन घरी स्वयंपाक करायची. पाण्याच्या दिवशी तिच्या नळाला धार लागेपर्यंत दुपार व्हायची, तीही कधी लागायची, कधी नाही. सासूला हंडा उचलवत नव्हता. त्यामुळे दर पाण्याला सुमनबाईची दांडी. "आता पुढच्या पाण्याला आले नाय तर दुसरी बाई बघते म्हणली मालकीण," तिने सांगितलं. तो पाण्याचाच दिवस होता. तिने नळ उघडून दाखवला. त्यातून नुसती हवा आली. "बघा. असा फुसफुसतो निस्ता. ह्याच्यापेक्षा साप बरा, एकदा चावून मोकळा तरी होतो."

दाजी हसले नाहीत. ते उठले आणि नळाची लाईन जिकडून येत होती तिकडे चालू लागले. वरच्या गल्लीत शिरताच ते थांबले आणि एका घराच्या भिंतीला कान लावला. आत मोटर चालू होती. नळाच्या लाईनला मोटर जोडली की ती पाणी ओढून घेते आणि पुढच्यांना उरत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे करतात. "दिवाळीच्या आधी भरली ही," दाजी म्हणाले. "आवाज बघा कसा गोड हाय." पुढच्या भिंतीला कान लावला. "हीबी माझीच." तिसऱ्या घराशीही तेच झालं. मग ते भिंतीला पाठ टेकून म्हणाले, "पाव्हणं, त्या माऊलीचं पाणी मीच ओढू राह्यलो की."

आता ती वरची गल्ली म्हणजे दाजींची भावकी. गावाकडची जमीन सांभाळून शहरात नोकऱ्या करणारी, एकमेकांना धरून राहणारी माणसं. अख्ख्या मतदारसंघात दाजींना हमखास मतं मिळत ती याच गल्लीतून, आणि प्रत्येक फाटकावर त्यांचं बॅनर होतं. मतदान तोंडावर आलं होतं. दाजी सरळ आपल्या चुलतभावाच्या दारात गेले.

"दादा, पाणी आलं की पहिला तास मोटर बंद ठेवा. शेवटच्या गल्लीला पोचू द्या, मंग ओढा तुमचं."

चुलतभावाने फाटकावरच्या बॅनरकडे बोट दाखवलं. "तुम्ही मत मागायला आले का मोटर बंद करायला? एक कायतरी मागा."

"मोटर," दाजी म्हणाले.

"अहो, ही गल्ली आपली हाय. चार दिवस थांबा. मतदान होऊ द्या, मंग बोलू."

"हरल्यावर माझं कोण ऐकतंय? आत्ताच ऐका."

आतून वहिनींचा आवाज आला, "आन् वरच्या टाकीत पाणी कसं चढायचं, भाऊजी? तुमचा फोटू लावला की चढतं का?"

गल्लीतल्या प्रत्येक घरी दाजींनी हेच मागितलं आणि प्रत्येक घरी कमीअधिक हेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी बॅनरं उतरली. एक नंतर मी पाण्याच्या ड्रमवर झाकलेलं बघितलं. दाजींचा चेहरा वर होता. मी ते त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कचरा तरी पडत नाय ड्रमात."

पुढचा पाण्याचा दिवस नेमका प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आला. शहरभर मिरवणुका, ताशे, फटाके. दाजी सकाळीच सुमनबाईच्या दारात हजर. "तू जा कामाला. मी भरतो." ती मागे वळून बघत गेली. लोकसभेचा उमेदवार नळाखाली बादली लावून पाटावर बसला आणि दुपारी धार लागल्यावर एकेक हंडा भरून आत नेऊ लागला. सुमनबाईची सासू खाटेवरून देखरेख करत होती. "हळू ओता, साहेब, सांडू राह्यले. असं करत्यात का?" संध्याकाळी अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात कधी तांब्या भरून घेतला नाय ह्या माणसानं." पण त्या रात्री तिनं त्यांना गूळ घालून शिरा केला.

दाजी हरले. भावकीच्या गल्लीतूनही त्यांना यावेळी मतं पडली नाहीत. मला वाटलं, विषय संपला. पण निकालानंतर त्यांनी दुकानावर एक पाटी लावली, की पाण्याच्या पहिल्या तासात मोटर लावणाऱ्याची मोटर इथे भरून मिळणार नाही. लोक हसले. मग उन्हाळा वाढला, लाईनीत पाण्यापेक्षा हवाच जास्त येऊ लागली आणि कोरड्या चालून मोटरी जळायला लागल्या. दाजींसारखी टिकाऊ मोटर दुसरं कुणी भरत नसे. पहिला आला तो चुलतभाऊ. दाजींनी त्याला चहा पाजला, गावाकडची चौकशी केली, मोटरीला हात लावला नाही. दुसरा चहा मागवला. चुलतभाऊ शेवटी वैतागून म्हणाला, "व्हय, व्हय, बंद ठेवतो पहिला तास. भरा आता." दाजींनी त्याची मोटर त्याच दिवशी भरून दिली, आणि इतकी चांगली, की ती पुन्हा जळाली नाही. मला वाटतं, व्यवहार म्हणून तेवढी एक चूक त्यांनी केली.

एकेक घर वळत गेलं. शेवटच्या गल्लीत सकाळी धार लागू लागली. सुमनबाई पाणी भरून वेळेवर कामाला जाऊ लागली, आणि एकदा वाटेत दुकानावर थांबली.

"धार बारीकच हाय," ती म्हणाली, "पण हाय. आन् एक सांगते साहेब, खोटं कशाला बोलू. मत नव्हतं दिलं मी तुम्हाला. आमच्या वस्तीचं मत ठरलेलं असतं."

दाजी इतके हसले की त्यांच्या हातातली तार सुटून खाली लोळली. "बरं केलंस, माय. मी दिल्लीला गेलो असतो तर हिकडच्या मोटरी कुणी बंद केल्या असत्या?"

पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं. त्याआधीच तो मंगळवार आला. अंत्यविधीला भावकी होती, सुमनबाईची गल्ली होती, आणि मला न ओळखू येणारी पुष्कळ माणसं होती, ज्यांच्या ओसरीवर ते कधीतरी बसले असतील.

दुकान आता बंद आहे. मोटरी जळाल्या की लोक दुसरीकडे भरून आणतात, आणि तिथे कुणी त्यांना काही विचारत नाही. तेरावं झाल्यावर वरच्या गल्लीत पहिल्या तासात पुन्हा मोटरी ऐकू येऊ लागल्या. सुमनबाईने येऊन अक्काला तसं सांगितलं.  पुढच्या पाण्याच्या दिवशी अक्का मुकुंदवाडीला गेली, चुलतदिराच्या फाटकापाशी खुर्ची मागून घेतली आणि बसली. मी तिला विचारलं, तिथे जाऊन तू काय सांगतेस. ती म्हणाली, "काय सांगू? नुसती बसते. मला बघून लाजत्यात."

ती अजून जाते. मी तिला सोडायला जातो आणि तासाने घ्यायला जातो. त्या गल्लीत पहिला तास मोटरी बंद असतात. दोन घरं तेवढी लावतात.